लॅपटॉपवर चालतंय, लॅम्डावर 'नो मॉड्यूल नेम्ड' येतंय : सौदापट्टीच्या पीडीएफची अडचण

यार्डातला_पोरगा

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या नात्यातल्या एकांचं हळदीचं आडत दुकान आहे. सौदे उरकले की दिवाणजी एक्सेलमध्ये शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई भरतात आणि मग एकेकाची पट्टी छापत बसतात. हंगामात त्यांना घरी जायला रात्र होते. मी म्हटलं, तुम्ही फक्त एक्सेल एस-थ्रीच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या साठवणीच्या, बकेटमध्ये टाका. ती पडली की लॅम्डा फंक्शन (एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर गरजेपुरता चालणारा कोड) जागं होईल, प्रत्येकाची पट्टी मराठीत पीडीएफ करून ठेवील आणि शेतकऱ्याला मोबाईलवर लिंक जाईल.

पायथनमध्ये लिहिलं, एक्सेल वाचायला पांडाज ही लायब्ररी घेतली. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालतं. झिप करून लॅम्डावर चढवलं की 'अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल' म्हणतं. पिप इन्स्टॉल (लायब्ररी आणायची कमांड) परत केलं, झिप परत केली, फंक्शन पुसून नवं केलं. काही फरक नाही. शेठ रोज विचारतात, "झालं का रं तुझं ते ढगातलं?" कुणी मार्ग दाखवील का?

भडंग_स्पेशल

लॅपटॉपच यार्डात नेऊन ठेव की लगा. लॅम्डा-बिम्डा कशाला, गादीवर बसल्या बसल्या चालंल.

कृष्णाकाठ

भडंगशेठ, त्या लॅपटॉपवर पोराला रात्री सिनेमाही बघायचा असतो.

यार्डातला_पोरगा, तुम्ही अर्धीच ओळ दिलीत. लॅम्डाच्या नोंदी जिथं पडतात त्या क्लाउडवॉचच्या लॉगमधली पूर्ण ओळ द्या. 'अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल' नंतर अवतरणात एक नाव असतं आणि विसर्गचिन्हानंतर आणखी काही असतं. खरी गोष्ट त्या दुसऱ्या भागात असते. सोबत हेही सांगा: रनटाइम (लॅम्डावरची पायथनची आवृत्ती) कोणता, आर्किटेक्चर (प्रोसेसरची जात) एक्स८६ की आर्म, हँडलरच्या रकान्यात (कोणत्या फाईलमधलं कोणतं फंक्शन चालवायचं) काय लिहिलंय आणि झिप कशी केलीत.

यार्डातला_पोरगा

ही घ्या ओळ:

रनटाइम.इम्पोर्टमॉड्यूलएरर: अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल 'लॅम्डा_फंक्शन': नो मॉड्यूल नेम्ड 'लॅम्डा_फंक्शन'

रनटाइम पायथन ३.१२, एक्स८६. हँडलर मूळचाच आहे, लॅम्डा_फंक्शन.लॅम्डा_हँडलर. झिप म्हणजे 'पट्टी' फोल्डरवर राईट क्लिक करून कॉम्प्रेस केलं.

कृष्णाकाठ

मग पांडाजला आणि रिक्वायरमेंट्सला (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीला) अजून कुणी हातही लावलेला नाही. दोन्ही ठिकाणी एकच नाव आहे, म्हणजे लॅम्डाला तुमची स्वतःचीच फाईल सापडत नाही. झिप उघडून बघा. आत आधी 'पट्टी' नावाचं फोल्डर दिसेल आणि त्याच्या आत लॅम्डा_फंक्शन.पाय. पोत्यात पोतं झालंय. लॅम्डा झिप /व्हार/टास्क मध्ये सोडतं आणि तिथंच, वरच्याच पायरीवर फाईल शोधतं. तुमची एक पायरी खाली आहे.

फोल्डरवर राईट क्लिक करू नका. फोल्डरात शिरा, सगळं निवडा आणि मग झिप करा.

एक तपासणीची युक्तीही सांगतो, पुढं लागेल. 'बघ.पाय' नावाची वेगळी छोटी फाईल करा. तिच्यात ओएस आणि सिस सोडून एकही इम्पोर्ट नको. हँडलरमध्ये फक्त सिस.पाथ (पायथन ज्या फोल्डरांत मॉड्यूल शोधतं त्यांची यादी) आणि /व्हार/टास्क मधल्या फाईलींची यादी छापा. हँडलरचा रकाना तात्पुरता बघ.लॅम्डा_हँडलर करा आणि टेस्ट दाबा. मूळ फाईलमध्येच प्रिंट टाकून उपयोग नसतो. वरच्या इम्पोर्टलाच ती कोसळते, तुमच्या प्रिंटपर्यंत गाडी येतच नाही.

पलूसचा_पायथन

आणि कन्सोलमधल्या एडिटरमध्ये काही बदललं असेल तर 'डिप्लॉय' दाबायला विसरू नका. न दाबता टेस्ट केली तर जुनाच कोड पळतो आणि माणूस येडा होतो.

यार्डातला_पोरगा

कृष्णाकाठ दादा, पोत्यात पोतंच होतं! ते मिटलं. आता नवीनच निघालं:

रनटाइम.इम्पोर्टमॉड्यूलएरर: अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल 'लॅम्डा_फंक्शन': अनेबल टू इम्पोर्ट रिक्वायर्ड डिपेन्डन्सीज: नमपाय...

आणि त्याखाली 'सी-एक्स्टेन्शन्स फेल्ड' असं लांबलचक. पांडाजला लागतं त्या नमपायचं फोल्डर तर झिपमध्ये आहे. तुमच्या बघ.पायनं यादी काढली, तिच्यातही दिसतंय. असून नाही म्हणतंय.

कृष्णाकाठ

छान, म्हणजे प्रगती आहे. एरर बदलली की काहीतरी सुटलेलं असतं.

आता नीट बघा. नमपायच्या फोल्डरात, कोअरच्या आत, 'मल्टिअरे_युमॅथ' असं नाव असलेली फाईल शोधा. तिचं शेपूट काय आहे? माझा अंदाज: सीपी३१२-विन_एएमडी६४.पीवायडी. हे विंडोजचं बायनरी आहे. लॅम्डा ॲमेझॉन लिनक्सवर चालतं आणि त्याला सीपायथन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ असं शेपूट लागतं. फोल्डर आहे, पायथनच्या फाईली आहेत, पण सी भाषेतला जो भाग कंपाईल होऊन येतो तो दुसऱ्याच यंत्रासाठीचा आहे. मॅकवर केलेल्या पॅकेजनं काही वेळा 'इनव्हॅलिड एल्फ हेडर' येतं. रोग तोच.

इम्पोर्ट एरर म्हणून जे येतं त्यात तीन वेगळे आजार असतात आणि लोक तिन्हींवर 'पिप परत मार' हेच औषध देतात. एक, फाईल नाहीच, किंवा आहे पण सिस.पाथवर नाही. दोन, फाईल आहे पण दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची, दुसऱ्या आर्किटेक्चरची नाहीतर दुसऱ्या पायथन आवृत्तीची. तीन, फाईल बरोबर आहे, पण तिला सिस्टिममधली जी लायब्ररी लागते ती त्या लिनक्सवर नाही. तुमचा पहिला झाला, आता दुसरा चाललाय. तिसराही येईल असं मला पीडीएफ या शब्दावरून वाटतंय, पण ते पुढं बघू.

दुसऱ्यावरचा उतारा असा. पिपला विंडोजवर बसूनच लिनक्सची व्हील (लायब्ररीचं कंपाईल केलेलं तयार पॅकेज) आणायला सांगता येतं. कमांड देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरांत करून घ्या:

पिप इन्स्टॉल --टार्गेट पॅकेज --प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४ --इम्प्लिमेंटेशन सीपी --पायथन-व्हर्जन ३.१२ --ओन्ली-बायनरी=:ऑल: -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

'ओन्ली-बायनरी' गाळू नका. दुसरा प्लॅटफॉर्म मागितला की पिप ते मागतंच. शिवाय त्यामुळं एखाद्या लायब्ररीची तयार व्हील नसेल तर इथंच, तुमच्या लॅपटॉपवरच कळतं. पायथन-व्हर्जन आणि लॅम्डाचा रनटाइम अगदी एक हवेत. सीपायथन-३१२ ची एसओ फाईल ३.१३ वर चढत नाही. फंक्शन आर्मवर असेल तर एक्स८६_६४ च्या जागी एएआर्च६४. आर्म थोडं स्वस्त पडतं म्हणून लोक कन्सोलमध्ये टिचकी मारतात आणि झिप जुनीच ठेवतात.

मग पॅकेज फोल्डरात तुमची लॅम्डा_फंक्शन.पाय टाका, आत शिरून सगळं झिप करा. थेट चढवायची झिप ५० एमबीपर्यंत, त्यापेक्षा मोठी असेल तर एस-थ्रीतून. उघडल्यावर लेयर (फंक्शनला वेगळ्या झिपमधून जोडलेल्या लायब्ररी) धरून सगळं मिळून २५० एमबीच्या आत बसलं पाहिजे.

मिरजेची_तंबोरी

कृष्णाकाठ, तुमच्या दुसऱ्या आजाराचा एक चुलत भाऊ राहिला. सगळं लिनक्सचं, एक्स८६चं, आवृत्तीही बरोबर, आणि तरी 'जीलिबसी_२.२८ नॉट फाउंड'. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. क्रिप्टोग्राफी लायब्ररीनं हे पुष्कळांना दाखवलंय. पायथन ३.११ पर्यंतचे रनटाइम ॲमेझॉन लिनक्स २ वर आहेत, तिथं जीलिबसी २.२६. पायथन ३.१२ पासून ॲमेझॉन लिनक्स २०२३, तिथं २.३४. कोणी उबुंटूवर साधं पिप इन्स्टॉल करून ३.११ च्या फंक्शनवर नेलं, तर पिप उबुंटूला चालणारी नवी व्हील आणतं आणि ती तिकडं गुदमरते. म्हणून जुन्या रनटाइमला मेनीलिनक्स२०१४ च मागायचं. शक्य असेल तर रनटाइमच वर न्यायचा.

डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर याहून सरळ, एडब्ल्यूएसच्या सॅम या साधनाची कमांड: सॅम बिल्ड --यूज-कंटेनर. लॅम्डासारख्याच लिनक्समध्ये बिल्ड होतं, मग प्लॅटफॉर्म-बिटफॉर्म काही लिहावं लागत नाही. मी आता तेच करते.

जाता जाता माझंही सांगते. माझं एक फंक्शन पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघतं आणि ४० फुटांची इशारा पातळी जवळ आली की घरच्यांना मेसेज टाकतं. धोका पातळी ४५ ची, पण आमच्याकडं सामान वर चढवायला तेवढा वेळ पुरत नाही. २०१९ चा महापूर बघितलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तर ते मी उन्हाळ्यात नव्या रनटाइमवर नेलं आणि रिक्वेस्ट्स या लायब्ररीवरून एरर आली. जुना कोड बोटोकोरच्या (एडब्ल्यूएसच्या पायथन लायब्ररीच्या, बोटो-थ्रीच्या गाभ्याच्या) पोटातली रिक्वेस्ट्स वापरायचा, तसली उदाहरणं नेटवर अजून फिरतात. ती तिथून कधीच काढून टाकलीय. बोटो-थ्री रनटाइममध्ये असतं, रिक्वेस्ट्स नसतं. एवढ्यासाठी वेगळी लायब्ररी भरायची नसेल तर युआरएललिब३ चालतं, ते बोटोबरोबर येतंच.

मुख्य सांगायचं ते हे की वेळापत्रकावर चालणारं फंक्शन इम्पोर्टला पडलं तरी कुणाला काही कळत नाही. लॉगमध्ये तांबडी ओळ पडते आणि बसते. म्हणून 'एरर्स' या मेट्रिकवर क्लाउडवॉचचा अलार्म लावा. पातळी वाढत असताना कळण्यापेक्षा मे महिन्यात कळलेलं बरं.

भडंग_स्पेशल

ताई, तो मेसेज आमच्या ग्रुपवर पण सोडा की.

जुना_हिशोबनीस

मी या वयात सगळं वाचलं, पटलं. पण एक विचारू का? चाळीस-पन्नास ओळींची एक्सेल वाचायची, वजन गुणिले दर करायचं, हमाली-तोलाई वजा करायची. याला पांडाज कशाला? आम्ही हे लाल वहीवर करत होतो. ओपनपायएक्सेल घ्या. शुद्ध पायथन आहे, त्यात सी-बी काही नाही, विंडोजवरून उचलून नेलं तरी चालतं. सीएसव्ही असती तर तेही लागलं नसतं.

तुम्ही मंडळी एक बटाटा सोलायला यंत्र आणता आणि मग यंत्र का चालत नाही यावर धागा काढता.

कृष्णाकाठ

काका, रास्त बोललात. मी एरर सोडवत बसलो आणि ती लायब्ररी हवी का हे विचारलंच नाही. वर आणखी एक फायदा. वरचे इम्पोर्ट 'इनिट' टप्प्यात, म्हणजे फंक्शन जागं होतानाच, होतात आणि त्या टप्प्याला १० सेकंदांची मर्यादा असते. पांडाज गेलं की थंड सुरुवातही हलकी होते.

पलूसचा_पायथन

खरंच पांडाज लागतच असेल तर एडब्ल्यूएसचा स्वतःचा 'एडब्ल्यूएसएसडीकेपांडाज' लेयर आहे. त्यात नमपाय-पांडाज बांधूनच येतं. रनटाइम आणि आर्किटेक्चरप्रमाणं वेगळा असतो, आपल्या मुंबई रीजनमधला निवडायचा.

यार्डातला_पोरगा

काका, पांडाज काढलं. ओपनपायएक्सेलवर पहिल्याच झटक्यात वाचतंय! वजन, दर, निव्वळ रक्कम लॉगमध्ये बरोबर छापली.

आता पीडीएफ. आधी रिपोर्टलॅब घेतलं. इम्पोर्ट झालं, पीडीएफ निघालं, पण 'किलो'ची पहिली वेलांटी 'क'च्या पुढं जाऊन 'ल'च्या डोक्यावर बसली. 'रक्कम'मध्ये अर्धा क आणि पाय मोडलेला हलन्त. 'क्विंटल' तर वाचताच येईना. शेठ म्हणाले, "असली पट्टी दिली तर शेतकरी म्हणेल, दर पण असाच मोडलाय काय?"

मग वीझीप्रिंट घेतलं. लॅपटॉपवर खटपट करून बसवलंय, तिथं मराठी अगदी छापखान्यासारखं. लॅम्डावर मात्र हे:

ओएसएरर: कॅनॉट लोड लायब्ररी 'लिबजीऑब्जेक्ट-२.०-०'

तुमची मेनीलिनक्सवाली कमांड वापरूनच पॅकेज केलंय.

कृष्णाकाठ

हाच तो तिसरा. नाव बघा, या वेळी 'नो मॉड्यूल नेम्ड' नाही, 'ओएसएरर' आहे. वीझीप्रिंट स्वतः पायथनचंच, ते सापडलं. पण अक्षरं जुळवायचं काम ते पँगोकडून करून घेतं आणि पँगो, जीलिब, हार्फबझ या सिस्टिमच्या लायब्ररी आहेत. पिप त्या आणत नाही. लॅम्डाच्या लिनक्सवर त्या नाहीत. तुम्ही कितीही पिप मारा, येणार नाहीत. ओपनसीव्ही या चित्रं हाताळायच्या लायब्ररीत 'लिबजीएल.एसओ.१' साठी जी ओरड होते ती याच जातीची. तिथं निदान हेडलेस (पडद्यावर खिडकी न उघडणारी) आवृत्ती घेऊन सुटका होते.

रिपोर्टलॅबमध्ये वेलांटी का पळाली तेही यातच आहे. युनिकोडमध्ये 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडं नेऊन ठेवणं आणि जोडाक्षर जुळवणं हे फाँट वाचून कुणीतरी करावं लागतं, त्याला शेपिंग म्हणतात. साध्या पद्धतीनं वापरलेलं रिपोर्टलॅब ते करत नाही, मुळाक्षरं ओळीनं ठेवतं. इंग्रजीला फरक पडत नाही, म्हणून बाहेरच्या ट्युटोरियलांमध्ये याचा उल्लेखही सापडत नाही.

रस्ता एक: कंटेनर इमेज, म्हणजे लिनक्स, लायब्ररी आणि कोड एकत्र बांधलेला गठ्ठा. २०२० च्या डिसेंबरपासून लॅम्डा १० जीबीपर्यंतची डॉकर इमेज घेतं. एडब्ल्यूएसच्या पायथन ३.१२ च्या बेस इमेजवर डीएनएफनं पँगो बसवायचं, फाँट कॉपी करायचा, पिप इन्स्टॉल त्या इमेजच्या आतच करायचं. म्हणजे दुसरा आणि तिसरा दोन्ही आजार एकदम गेले. कोड लॅम्डा_टास्क_रूट मध्ये कॉपी करा आणि शेवटच्या सीएमडी ओळीत लॅम्डा_फंक्शन.लॅम्डा_हँडलर. डॉकर बिल्डला --प्रोव्हेनन्स=फॉल्स द्या, नाहीतर लॅम्डा इमेजचा प्रकारच नाकारतं. आणि एक्सडीजी_कॅश_होम हे /टेम्प वर वळवा. लिहायला तेवढंच फोल्डर मोकळं असतं, फाँटकॉन्फिग नाहीतर कॅशसाठी कुरकुरतं.

मिरजेची_तंबोरी

रस्ता दोन मी सांगते, कारण एका पट्टीसाठी इमेज, ती ठेवायला ईसीआर वगैरे मला जड वाटतं. एफपीडीएफ२ घ्या. त्यात टेक्स्ट शेपिंगची सोय आहे, सेट_टेक्स्ट_शेपिंग(ट्रू) म्हणायचं. काम आतून युहार्फबझ करतं. त्यात हार्फबझ पोटातच कंपाईल होऊन येतं आणि मेनीलिनक्सची व्हील मिळते. म्हणजे सिस्टिमची लायब्ररी नको, साधी झिप पुरते.

दोन खाचखळगे. युहार्फबझ ऐच्छिक आहे, रिक्वायरमेंट्समध्ये वेगळं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर वरचे इम्पोर्ट गुपचूप पार पडतात आणि शेपिंगची ओळ आली की मगच फंक्शन पडतं. दुसरं, जुनं एफपीडीएफ आणि नवं एफपीडीएफ२ दोघंही 'एफपीडीएफ' याच नावानं इम्पोर्ट होतात. दोन्ही एका फोल्डरात गेली तर काय वर येईल सांगता येत नाही. पॅकेज फोल्डर पुसून पहिल्यापासून भरा.

कृष्णाकाठ

मान्य. पट्टीला रस्ता दोनच बरा. माझा हात सवयीनं डॉकरकडं गेला. एचटीएमएलमधून रकान्यांची, लोगोची मोठी बिलं काढायची असती तर मात्र मी वीझीप्रिंट सोडलं नसतं.

जुना_हिशोबनीस

हळदीचं चाललंय म्हणून सांगतो, थोडं विषय सोडून. आमच्या वेळी हरिपूरच्या पेवांच्या पावत्या असायच्या. माल जमिनीखालच्या पेवात, वर्षानुवर्षं तसाच राहायचा, कीड लागायची नाही, आणि हातोहात फिरायची ती फक्त पावती. २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. त्या पावत्यांवरचं अक्षर बघायला पाहिजे होतं तुम्ही. वेलांटी पळायचा प्रश्नच नव्हता.

संचालक

काका, पेवांवर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे वाचू. इथं विषयाला धरून राहूया.

तासगाव_एक्सप्रेस

माझा प्रश्न इथंच विचारतो, विषय तोच आहे. बेदाण्याच्या बॉक्सच्या नोंदीचं लॅम्डा फंक्शन आहे, नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये. कुणीतरी आधीच्या माणसानं लिहिलेलं. नोड १६ वरून वर नेलं आणि 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल एडब्ल्यूएस-एसडीके' आलं. कोडची एक ओळ बदललेली नाही. शिवाय आमचा एक लेयर आहे, तोही सापडत नाही म्हणतोय.

पलूसचा_पायथन

दादा, नोड १८ पासून रनटाइममध्ये एसडीकेची (एडब्ल्यूएसशी बोलायच्या लायब्ररीची) तिसरी आवृत्तीच असते, दुसरी काढली. आधी फुकटात मिळायची म्हणून तुमच्या पॅकेज.जेसनमध्ये कुणी लिहिलीच नसणार. आजची सोय म्हणून दुसरी आवृत्ती नोड_मॉड्यूल्समध्ये भरून चढवता येईल, पण तिचा आधार सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. एस-थ्री क्लायंट आणि डायनॅमो क्लायंट एवढंच वापरत असाल तर तिसऱ्या आवृत्तीवर न्या, फार मोठं काम नाही.

लेयरचं म्हणाल तर झिप उघडा. नोडच्या लेयरमध्ये वरचं फोल्डर 'नोडजेएस', त्यात 'नोड_मॉड्यूल्स' असं लागतं. पायथनला वरचं फोल्डर 'पायथन'. लेयर /ऑप्ट मध्ये उघडतो आणि रनटाइम ठरलेल्या वाटेवरच बघतं. आणि तुमची फाईल डॉट एमजेएस असेल, वर 'इम्पोर्ट' असेल, तर आणखी एक गोम: ईएस मॉड्यूलचं इम्पोर्ट नोड_पाथ (लायब्ररी शोधायच्या फोल्डरांची यादी) बघतच नाही आणि लेयर त्या नोड_पाथवरच टांगलेला असतो. तेव्हा ती लायब्ररी फंक्शनच्याच झिपमध्ये घ्या, नाहीतर ईएसबिल्डनं सगळं एका फाईलीत बांधा.

तासगाव_एक्सप्रेस

एमजेएसच आहे. आत्ता कळलं. लेयर काढून झिपमध्ये भरतो.

भडंग_स्पेशल

आता माझा पण सोडवा. गुगलवर आहे, क्लाउड फंक्शन. मेल पाठवायचं. फाईलचं नाव मेन.पाय, रिक्वायरमेंट्स मुळाशीच, सगळं नियमात. तरी वरच्या वर पडतंय: 'ईमेल' इज नॉट अ पॅकेज.

मिरजेची_तंबोरी

भडंगराव, फोल्डरात ईमेल.पाय नावाची तुमची स्वतःची फाईल आहे का?

भडंग_स्पेशल

हाय की. मेलचा कोड तिच्यातच हाय.

मिरजेची_तंबोरी

तिचं नाव बदला. पायथनच्या घरात 'ईमेल' नावाचं पॅकेज आधीपासून आहे. तुमची फाईल सिस.पाथवर पुढं उभी राहते, म्हणून ज्याला खरं ईमेल पाहिजे त्याच्या हातात तुमचं पडतं. कॅलेंडर, जेसन, क्यू, टोकन ही नावंही टाळा. मराठीत ठेवा ना, टपाल.पाय.

भडंग_स्पेशल

टपाल.पाय! पळालं ताई. भडंग घरपोच पाठवतो.

यार्डातला_पोरगा

मंडळी, झालं. मिरजेच्या ताईंचा रस्ता धरला: ओपनपायएक्सेल, एफपीडीएफ२, युहार्फबझ, मेनीलिनक्सच्या व्हील, साधी झिप. 'क्विंटल', 'रक्कम', 'तोलाई' सगळं जागच्या जागी. अध्येमध्ये एकदा फाँट सापडेना. मी फोल्डर मोठ्या अक्षरातलं 'एफ' घालून केलं होतं आणि कोडमध्ये छोट्या, विंडोजला ते चालतं, लिनक्सला नाही. लॅपटॉपवर मंगल होता, त्याच्याऐवजी मोकळ्या परवान्याचा नोटो सॅन्स देवनागरी झिपमध्येच ठेवला आणि त्याची वाट फाईलच्या जागेवरून काढली.

काल कवठेमहांकाळच्या एका शेतकऱ्याला पट्टी गेली. त्यांनी फोन करून दिवाणजींना विचारलं, तोलाई एवढी कशी? म्हणजे वाचता आली.

आता शेठ म्हणतात, खाली रक्कम अक्षरी पाहिजे. 'रुपये एक्केचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याण्णव फक्त' असं. याला एखादी लायब्ररी आहे का?

कृष्णाकाठ

लायब्ररी शोधू नका. लाख, हजार, शेकडा हे भागाकारानं सुटतं. उरतात शून्य ते नव्व्याण्णव, त्यांना आपल्याकडं नियम असा नाही, शंभर शब्दांची यादीच लागते. एका फाईलीत टाका. फक्त तिचं नाव नंबर्स.पाय ठेवू नका, तेही पायथनच्या घरातलं आहे.

जुना_हिशोबनीस

यादी मी टाईप करून व्यक्तिगत निरोपात पाठवतो, संध्याकाळपर्यंत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी एवढी तपासून घ्या, पोरं तिथंच अडखळतात. आणि 'फक्त'च्या आधी 'मात्र' घालू नका, दोन्ही एकदम लिहीत नाहीत.